पांडाच्या काचेपुढे आईचं नको

आमच्या घरात ‘नको’ हा शब्द पहिल्या झटक्यात कोणी कधी मान्य केलेला नाही. माझे बाबा नागपुरात पंगतीत वाढायला उभे राहिले की लोक पानावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि बाबा बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायचे. पहिलं नको संकोचाचं, दुसरं रीतीचं, तिसऱ्यानंतर काय येतं त्याचा विचार करायचा, अशी माझी जडणघडण. बायको पुण्याची आहे. तिच्या माहेरी नको म्हटलं की डब्याचं झाकण लागतं. त्यावर मी लग्नापासून विनोद करत आलो आहे आणि ती लग्नापासून मला सांगत आली आहे की त्यात हसण्यासारखं काही नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ह्याच जडणघडणीच्या जोरावर मी माझ्या आईला इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीहून स्कॉटलंडातल्या एडिंबराला, एका बाजूचे तीनशे मैल, पांडा दाखवायला नेलं. ती नको म्हणाली होती. पण ती सगळ्यालाच नको म्हणते, असं मी धरून चाललो होतो.

खरी गोष्ट पांडाची नव्हती. खरी गोष्ट एका फॉर्मची होती. दोन वर्षांपूर्वी बाबा अचानक गेले, तेव्हा मी कॉव्हेंट्रीत ऑफिसात एका सॉफ्टवेअर रिलीजच्या मीटिंगमध्ये होतो. तिकीट, विमान, दिल्लीला चुकलेलं दुसरं विमान असं करत मी घरी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. तो चुलतभावाने दिला. कोणी मला शब्दाने बोललं नाही आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून रात्री-बेरात्री फोन वाजला की नाव बघायच्या आधीच मी उठून बसतो. मग मी ठरवलं की आईला इकडे कायमचं आणायचं. एकटी बाई, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात. कारणांना तोटा नव्हता. सहा महिन्यांच्या व्हिसावर ती आली, त्याच उन्हाळ्यात नियम कडक होणार अशी बातमी होती, म्हणून आईवडिलांना कायमचं ठेवून घेण्याचा तो जाडजूड फॉर्म मी भरून तयार ठेवला. फक्त तिची सही राहिली होती.

आता मी पडलो सॉफ्टवेअरमधला माणूस. टेस्टिंग मॅनेजर. जगातला कुठलाही प्रश्न एक्सेलमध्ये घातला की निम्मा सुटतो अशी माझी श्रद्धा. मी ‘आई’ नावाची एक फाइल केली होती. त्यात एक रकाना धोक्यांचा आणि एक उपायांचा. धोका: थंडी. उपाय: थर्मल आणि जाड मोजे. धोका: देऊळ नाही. उपाय: लेस्टरचं देऊळ, पाऊण तास. धोका: आई कंटाळेल. ह्यापुढे मी बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं, मग लंडनच्या ऑलिंपिकची तिकिटं असं लिहिलं, ती सोडतीत लागली नाहीत, तेव्हा ते खोडून तिथे ‘पांडा’ लिहिलं. सबंध ब्रिटनमध्ये तेव्हा दोनच पांडा होते, नुकतेच चीनहून आलेले, आणि टीव्हीवर त्यांचं कौतुक चाललं होतं. असलं काहीतरी पाहिल्यावर माणूस म्हणेल की हा देश राहण्यासारखा आहे, असा माझा हिशेब. बायकोने ती फाइल एकदा पाहिली आणि विचारलं की ह्यात ‘आईला विचारलं का’ असा रकाना कुठे आहे. मी म्हटलं, ते गृहीत आहे.

आईसाठी बॉक्सरूमला, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीला, फिकट पिवळा रंग दिला, कारण तो आईचा आवडता. हेही मी बायकोला विचारलं होतं, आईला नव्हे. बायकोने अंदाजाने सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं.

आईबद्दल सांगायला हवं. ती तीस वर्षं नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्याकडे एक वेगळाच इंग्रजी आवाज आहे, स्वच्छ, थंड, इस्त्री केलेला. घरी तो कधी निघत नाही. घरी ती ‘अरे बाप्पा’ आणि ‘काहून रे’वर असते. त्या आवाजात तिने कलेक्टरपासून मारवाडी शेठपर्यंत सगळ्यांना लाइनवर थांबवून ठेवलेलं आहे. नोकरी सुटल्यावर तो आवाज कपाटात गेला, असं मला वाटत होतं.

ती आली त्याच आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. बाईंनी स्वतः केलेला केक कापला, मधे जॅम आणि क्रीम असलेला, आणि पहिली बशी आईसमोर धरली. आई म्हणाली, नो, थँक यू. बाई गोड हसल्या आणि बशी माझ्या मुलीकडे गेली. बस्स, संपलं. आई तासभर त्या केककडे बघत बसली. घरी आल्यावर तिने चप्पल काढता काढता जाहीर केलं की ही काय माणसं म्हणायची, एकदासुद्धा ‘घ्या हो’ म्हणाली नाही. आम्ही आठवडाभर हसलो. मी ही गोष्ट ऑफिसात सांगितली, लंडनमधल्या ईलिंगच्या मित्राला फोनवर सांगितली, प्रत्येक वेळी थोडं तिखटमीठ लावून. पुढे चार महिन्यांनी एकदा भाजी चिरताना आई सहज म्हणाली की बरं आहे ह्यांचं, एकदा नको म्हटलं की सुटलं. मी तेव्हा फोनवर मेल बघत होतो. ऐकलं, आणि सोडून दिलं.

ह्या मधल्या काळात फॉर्मचा विषय मी तीनदा काढला होता. पहिल्यांदा ती म्हणाली, नको रे, कशाला. दुसऱ्यांदा म्हणाली, बघू. तिसऱ्यांदा तिने कॅरमचा विषय काढला. बाबा गेल्यानंतर तिच्या बिल्डिंगमधल्या चार बायका संध्याकाळी गच्चीवर कॅरम खेळायला लागल्या होत्या, त्यातली चौथी आई. ती नसली की तिघींचा डाव बसत नाही, म्हणून त्यांनी तात्पुरतं एका आजोबांना घेतलं होतं आणि ते क्वीन चोरतात अशी तक्रार फोनवर येत होती. मी म्हटलं, आई, मी तुला इथे कॅरम आणून देतो. आणलासुद्धा. तो आजही गराजमध्ये आहे. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, छान आहे, आणि माझ्याशी दोन डाव खेळली. दोन्ही वेळा मला धुतलं. मी मनात लिहिलं, कॅरमचा प्रश्न मिटला.

पांडाचं काढलं तेव्हा ती म्हणाली की इतक्या लांब कशाला, टीव्हीवर दिसतो की. मी म्हटलं, टीव्हीवर आणि प्रत्यक्षात फरक असतो. ती म्हणाली, गाडीत पाय आखडतात. मी म्हटलं, दर दीड तासाला थांबू. शेवटी ती म्हणाली, बरं बाबा, तुझ्या मनासारखं होऊ दे. हे वाक्य मी विजय म्हणून घेतलं. आता वाटतं, आयांची सगळ्यात दमलेली वाक्यं आपण नेमकी विजय म्हणून घेतो.

पहाटे तीनला निघालो. आईने तिखट पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि गुळपापडी केली होती. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, आम्ही गाडीतच डबा उघडला. मी तेवढ्या वेळात तिला पांडाची माहिती दिली. दिवसाचे बारा-चौदा तास खातो, फक्त बांबू, जन्मतः आपल्या तळहातावर मावेल एवढा असतो. मी इंटरनेटवरून दोन पानं काढून नेली होती. आई ऐकत होती आणि पुऱ्या वाटत होती. आठ वर्षांची माझी मुलगी, कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, मागून म्हणाली, “बाबा, आजीला माहीत आहे, मी तिला सांगितली होती.” मी पानं घडी घालून ठेवली. त्याच बॅगेत खाली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फॉर्म होता. दोन पेनं होती. एक चाललं नाही तर दुसरं.

हे बायकोला माहीत नव्हतं. सर्व्हिसेसमध्ये ओले रुमाल शोधताना तिच्या हाताला फोल्डर लागलं. तिने मला गाडीच्या मागच्या बाजूला बोलावलं आणि विचारलं, तू हे प्राणिसंग्रहालयात नेतोयस? मी म्हटलं, वातावरण पाहून काढीन. ती म्हणाली की आई नको म्हणतायत, तू ऐकत का नाहीस. मी म्हटलं, तुला आमच्याकडची पद्धत माहीत नाही. तिने डिकी जरा जोरात लावली.

पांडा बघायला वेळ ठरवून घ्यावी लागायची. तुमच्या वेळेला जायचं, पंधरा-वीस मिनिटं बघायचं, बाहेर पडायचं, मग पुढची मंडळी. आमची वेळ अकराची. मी दहा वाजताच सगळ्यांना रांगेच्या जागी नेऊन उभं केलं, कारण वेळेआधी तासभर पोचलो नाही तर मला उशीर झाल्यासारखं वाटतं. रांग नव्हतीच. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की पावणेअकराला या. आडवा पाऊस पडत होता. ते प्राणिसंग्रहालय एका टेकडीवर आहे, हे मी एक्सेलमध्ये घातलं नव्हतं. धोका: गुडघे. उपाय: काही नाही. आई एका कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही फिरून या. मी म्हटलं, तुला एकटीला कसं सोडू. ती म्हणाली, मला जरा एकटीला उभं राहू दे रे. तेसुद्धा मी ऐकलं आणि तिच्याशेजारी उभा राहिलो.

तेवढ्यात मुलीने दुकानातून पांडाच्या कानांचे हेअरबँड आणले, चौघांना चार. बायकोने पर्समध्ये टाकला. आईने हातात धरला. मी घातला, कारण मला वाटलं की वातावरण हलकं राहिलं पाहिजे.

अकराला आम्हाला आत घेतलं. मोठी काच, पलीकडे लाकडी माळे, दगड, गवत, आणि माळ्यावर आमच्याकडे पाठ करून झोपलेलं एक पांढरं-काळं गाठोडं. गणवेशातली एक तरुण मुलगी छोट्या माइकवरून माहिती देत होती आणि तिने सुरुवातीलाच सांगितलं की कृपया आवाज करू नका. मी आईच्या कानात सांगायला लागलो की हा नर आहे, मादी पलीकडे आहे. माझी कुजबुज आमच्या घराण्याची आहे. शेजारचे दोन स्कॉटिश आजोबा वळले. माइकवाली मुलगीही थांबली आणि माझ्या कानांकडे, म्हणजे वरच्या दोन कानांकडे, बघत राहिली. मी गप्प झालो.

दहा मिनिटं गाठोडं हललं नाही. तीनशे मैल, आणि पाठ. मी मनात दुपारच्या वेळेसाठी पुन्हा विचारायचं ठरवत होतो, तेवढ्यात तो उठला. उठला म्हणजे काय, बसल्या बसल्या गोल वळला, जवळचा बांबू ओढला आणि दातांनी त्याची साल सोलायला लागला. एक ओढ, साल बाजूला, आतला गाभा तोंडात. आईचं माहेर गोंदियाकडचं. तिकडे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात, वास्ते म्हणतात त्याला. आई काचेला नाक लावून बघत होती. तिचा चेहरा मी इतका मोकळा बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. ती हळूच म्हणाली की साल काढायची रीत अगदी बरोबर आहे, माझी आई अशीच काढायची. मला वाटलं, झालं! पांडा लागू पडला. बॅगेवर माझा हात गेला.

तेव्हा माझ्या मुलीने हात वर केला आणि माइकवाल्या मुलीला विचारलं की ह्याला पलीकडच्या पांडाबरोबर का ठेवत नाही, हा एकटा आहे, त्याला वाईट नाही वाटत? ती मुलगी म्हणाली की नाही, पांडा एकएकटेच राहतात, त्यांना तसंच आवडतं. वर्षातून फार तर दोन-तीन दिवस त्यांना एकमेकांची गरज पडते, तेव्हा मधलं दार उघडून बघतो, बाकी वेळ जवळ ठेवलं तर ते उलट त्रासतात. मुलीने हे सगळं आजीला मराठीत सांगितलं, चुकतमाकत, मन लावून. आईला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, पण तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग तिने स्वतः विचारलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला, एक्स्चेंजचा, इस्त्री केलेला.

“एक्स्क्यूज मी. लोक येऊन असं म्हणतात का, की बिचारा, एकटाच आहे?”

माइकवाली हसली आणि म्हणाली की रोज म्हणतात, लहान मुलं तर म्हणतातच, पण मोठी माणसं जास्त म्हणतात.

आईने थँक यू म्हटलं आणि पुन्हा काचेकडे वळली. त्याने दुसरा बांबू घेतला होता. आमची वेळ संपली.

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. बॅग गाडीत टाकली असती. मी थांबलो नाही. बाहेर आल्यावर पाऊस उघडला होता, एक बाक कोरडा सापडला, आईने उरलेल्या पुऱ्या काढल्या. मला वाटलं, पोट भरतंय, चेहरा खुललाय, ह्यापेक्षा चांगलं वातावरण कुठून येणार. मी फोल्डर काढलं, आईच्या मांडीवर ठेवलं, शेवटचं पान उघडून दिलं आणि पेन पुढे केलं. बायको मुलीला घेऊन पेंग्विन बघायला निघून गेली. तिला हे बघवणार नव्हतं.

“आई, एवढी सही कर ना,” मी म्हटलं. “मग मला काळजी नाही.”

आईने पान वाचलं. खरंच वाचलं, चष्मा लावून, वरपासून खालपर्यंत. तिच्या बोटांना लोणचं लागलं होतं म्हणून तिने कोपऱ्यातून धरलं होतं. मग तिने पान फोल्डरमध्ये नीट सरकवलं, हात पुसले आणि त्याच आवाजात, कलेक्टरला लाइनवर थांबवणाऱ्या आवाजात, मला म्हणाली,

“नो, थँक यू.”

मला वाटलं गंमत करते आहे. मी हसलो. ती हसली नाही.

“इंग्रजीत सांगितलं,” ती म्हणाली. “मराठीत पाच महिने सांगून झालं, तू ऐकेचना. तुझ्या त्या शेजारणीला एकदा सांगून कळलं होतं.”

माझ्या तोंडात तयार होतं, अगं पण. अगं पण गुडघे, अगं पण दुसरा मजला. तोंड उघडलंही. पण त्या आवाजापुढे कलेक्टर थांबायचा, मी कोण. मग माझ्या तोंडून जे निघालं ते एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं. मी म्हटलं की मला परत उशिरा पोचायचं नाहीये, आई. आणि रडलो. प्राणिसंग्रहालयातल्या बाकावर, चाळिशीचा माणूस, डोक्यावर पांडाचे कान.

आईने मला रडू दिलं. नंतर म्हणाली की बाबा गेले तेव्हा तू दोन दिवसांनी आलास, त्याचं मला काही नाही, ते तुझं तूच धरून बसला आहेस. ते सोडवायला मी इथे येऊन त्या पिवळ्या खोलीत बसायचं का? पिवळा रंग मला कधीच आवडला नाही. तिकडे सकाळी दूधवाला माझं दार वाजवतो, संध्याकाळी तिघी वाट बघतात, मधल्या वेळात मी मला हवं तेव्हा जेवते. आयुष्यात पहिल्यांदा. वर्षाआड येईन, तुझ्याकडे, पाहुणी म्हणून. केक पहिल्यांदाच घेईन.

मी डोळे पुसले. शेवटची एक पुरी डब्यात राहिली होती. मी ती आईपुढे केली. ती म्हणाली, नको.

माझा हात सवयीने तिच्याकडे सरकलाच होता. तो मी मागे घेतला, डब्याचं झाकण लावलं, आणि आम्ही दोघं पेंग्विनच्या दिशेने चढ चढायला लागलो.